पोटखराबा

खोक्यावर छापलंय : सात अंश.
छापलेल्यावरचा माझा विश्वास
बत्तीस वर्षांच्या नोकरीत उडाला.
भूमी अभिलेख, आधी कोरेगाव, मग वाई, शेवटी सातारा.
पदनाम भूकरमापक.
हाताखाली एक शिपाई आणि एक साखळी.

रविवारी सकाळी गोडोलीतल्या आमच्या बोळात
प्लेन टेबलाची तिवई मांडली,
कचेरीनं भंगारात काढली तेव्हा
रीतसर पावती करून घेतलेली.
वर दुर्बीण, सुतळीनं आवळून.
समोर मुलाण्यांची भिंत.
मध्ये टेप : वीस मीटर, दोनदा मोजून.

सायमा मुलाणी, नववी ब, खडू घेऊन भिंतीशी.
डावीकडे. अजून. अजून थोडी.
गेलीस बघ पुढं, मागं ये.
वर्तुळाच्या काठात खडू अर्धा बुडला
की तिथं रेघ.
मग उजवा काठ.
दोन रेघांत भरलं दोन मीटर चोवीस.
आकडा तिनंच वाचला,
मी चष्मा काढलेला, मला टेपच दिसत नव्हता.
चष्म्यासकट एक ऐंशी येतं, ते धरलं नाही.
सात अंशांना हवं होतं दोन पंचेचाळीस.

"एकवीस सेंटीमीटर खाल्लं की, काका.
अर्ज कुणाकडे करायचा?"

हे मी आधी ऐकलंय.
किन्हईच्या शिवारात, गजराबाई काळोखे,
पदर खोचून साखळीमागून चालत आलेल्या :
उताऱ्यावर चाळीस आर, जमिनीवर अडतीस,
मग दोन आर गेलं कुठं, सायेब?
मी म्हटलं, ते कधी नव्हतंच, बाई.
कागदावर होतं.
चूक नव्हतं माझं.
त्या बांधाच्या दगडावर बसून राहिल्या
आणि मी सही घेतली.

दुपारपर्यंत त्या दोन रेघा बोळभर झाल्या.
पिसाळ बनियनवरच बाहेर :
रस्ता रुंदीकरण आलं का हो? किती जातंय आमचं?
माझ्या हातात टेप दिसला
की माणसं आधी आपलं कुंपण बघतात.
संध्याकाळी कुणीतरी
ओल्या फडक्यानं रेघा पुसून टाकल्या.

रात्री फेरमोजणी.
गच्ची, पौषातली थंडी,
किल्ल्यावरच्या टॉवरचा लाल दिवा पाठीला.
मृगाच्या बाणातली पहिली चांदणी
मधोमधून जाईल अशी काठाला लावली
आणि हात काढून घेतले.
आता मी काही हलवायचं नाही.
साखळी ओढायला पृथ्वी.
असा शिपाई उभ्या नोकरीत मिळाला नाही,
चहा नाही, बिडी नाही,
भत्त्याचं बिल नाही.
पंचवीस मिनिटं, चाळीस सेकंद.
चार मिनिटांना एक अंश या दरानं
सहा पूर्णांक चार.
भिंतीची आणि आभाळाची साक्ष जुळली.

पण काठाशी आल्यावर चांदणी ठिपका राहत नाही.
तिला शेपूट फुटतं, मग पंख,
ओल्या कागदावर शाई पडावी तशी पसरते.
असते, पण कामाची नसते.
अशा जागेला उताऱ्यात रकाना आहे.
खडक, ओघळ, ओढ्याची कड :
क्षेत्रात धरायची, आकारणीतून सोडायची.
वहीत लिहिलं,
क्षेत्र सहा पूर्णांक चार अंश,
पैकी पोटखराबा अंदाजे एक.
खाली तारीख, सही.

सायमा वर आली होती, शाल लपेटून.
तिनं तिवई सोडवून दुर्बीण हातात घेतली
आणि चांदणी मुद्दाम काठाला नेली.
"मधे ठेवली की नुसता ठिपका.
इथं बघा ना, मासोळीसारखी वळवळते."
मी हिशेबातून सोडलेल्या पट्टीत
ती अर्धा तास रमली.
खालून आईनं दोनदा हाक मारली.

कागदावरच्या त्या दोन आरांत
गजराबाई काय पेरत होत्या,
मी विचारलं नव्हतं.